पुढची चाकं, मागची चाकं

मागचं डावं चाक पुन्हा वर उचललं तेव्हा ऊन अंगणात पुरतं उतरलं होतं. खाली दगड, दगडावर जॅक, आणि जॅकचा भरवसा नाही म्हणून ॲक्सलखाली लाकडाचा ओंडका. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या होत्या. मी गाडीखाली कुशीवर पडून चाकामागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर तळहात ठेवला होता आणि हे एका हातानं चाक फिरवत होते. दुसरा हात गळ्यात बांधलेला. याच चाकाचं बेअरिंग ठोकून बसवताना त्या हाताची दोन बोटं हातोड्याखाली आली होती.

"लागतं का काही हाताला?" यांनी विचारलं.

"काय लागायला पाहिजे?"

"खरखर. रिकामं जातं फिरवल्यासारखी."

"नाही लागत."

"नीट धर. आधी धूळ पूस, मग हात ठेव."

मी पदरानंच पुसली. हात ठेवला, डोळे मिटले, श्वास रोखला. चाक वरच्या वर गुळगुळीत फिरत होतं. यांनी हात काढला तरी फिरतच राहिलं आणि मग आपलं आपण थांबलं.

"आता बाहेर ये. एक हात चाकाच्या वर, एक खाली. वरचा ओढ, खालचा ढकल. मग उलटं कर."

मी अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. गाडी हलली, ओंडका करकरला, पण चाक जागचं हललं नाही. उजवं चाक सकाळीच बघून झालं होतं. तेही असंच.

"म्हणजे दोन्ही चांगली आहेत," हे म्हणाले.

"डावं तर चांगलं असणारच. नवं बेअरिंग घातलंय." बोलले आणि जीभ चावली. नवं घालूनही आवाज गेला नव्हता. यांची ती दुखरी जागा होती, बोटांपेक्षाही दुखरी.

ही गाडी दोन घरांची. सासरे गेले आणि वाटणी झाली. घराच्या मधोमध भिंत आली, लिंबाच्या बागेत बांध आला, चमचे-वाट्यासुद्धा मोजून झाल्या. पिकअप मात्र कापता येईना. मग यांच्या मामांनी डोकं चालवलं. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. इंजिनाचं काही निघालं तर निम्मं निम्मं. पुढची चाकं थोरल्याची, मागची धाकट्याची. ज्याचं बिघडेल त्यानं बघायचं. "आणि स्टेपनी?" कुणीतरी विचारलं. "स्टेपनी आईची," मामा म्हणाले आणि सगळे हसले. तेव्हा या घरात हसणं शिल्लक होतं. सासूबाई अजूनही रागावल्या की म्हणतात, "मला काय, मी स्टेपनी. कुणाचं पंक्चर झालं की माझी आठवण."

उन्हाळा तापला, विहिरीनं तळ दाखवला, आणि आम्ही खाणीतल्या डबक्यातून पाणी आणायला लागलो. हौद्यात मोठी टाकी, टाकीत काठोकाठ पाणी, आणि खाली रस्ता म्हणायचे ते खड्डे. गाडी किती सोसणार? ती घुमायला लागली. वेग घेतला की घुमणं वाढायचं, सोडला की उतरायचं. बेअरिंग गेलं हे दोघांनाही कळलं. हे म्हणाले आवाज पुढून येतो. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले मागून येतो. ज्याला जो आवाज नको होता, त्याला तो दुसरीकडून ऐकू येत होता.

शेवटी यांनीच नमतं घेतलं. मागचं डावं खोललं, नवं बेअरिंग घातलं, बोटं चेचून घेतली, आणि गाडी पुन्हा तश्शीच घुमली. आता एका हातानं यांना गाडी चालवता येईना, आणि दादा म्हणाले, मागचं नीट करा, मग मी खेप करतो. पाणी बंद झालं ते असं.

दादा समोरच होते. भिंतीपलीकडच्या आपल्या ओसरीवर बसून ते कुदळीला दांडा बसवत होते. बसलेला दांडा काढत होते आणि पुन्हा बसवत होते.

"आई," यांनी मोठ्यानं हाक मारली. सासूबाई दोन्ही ओसऱ्यांच्या मधे, भिंतीच्या टोकाला पाटावर बसल्या होत्या. त्यांची जागाच ती. "सांग त्यांना. मागची दोन्ही चाकं बघितली. काही दोष नाही."

दादा चार पावलांवर. सासूबाईंनी मान वळवली. "ऐकलंस ना?"

"त्याला म्हणावं, चाक हातानं फिरवून काय कळतंय? टाकी भरून फिरव, मग कळेल."

"ऐकलंस ना?" सासूबाई इकडे.

"त्यांना म्हणावं, मग पुढचीही तशीच बघा. एकदा बघायला काय हरकत आहे? चाक उचललं तर झिजत नाही."

"माझी चाकं मी बघेन. मला कुणी सांगायला नको."

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडाला फेस आणलात. ती झाडं बघा जाऊन जरा. ती नाही थांबायची तुमची चाकं बघून व्हायची."

झाडं मी सकाळीच बघून आले होते. पानं आत वळली होती, कडेनं तांबूस झाली होती. बोराएवढी फळं देठापासून सुटून खाली पडत होती आणि पायाखाली टणक लागत होती. एक फांदी वाकवली तर काडीसारखी मोडली. आतून हिरवट होती अजून, पण ओल नव्हती. मी यांना सांगितलं नाही. काय सांगायचं? बाग गेली तर दोन्ही घरांनी वर्षभर कशावर जगायचं? आणि नवीन रोपं लावून फळ यायला जी वर्षं लागतात ती कुणी द्यायची आम्हाला? मला रडू येत नव्हतं, राग येत होता. दोन धडधाकट माणसं, आणि एका चाकापायी बाग वाळवत बसलीत.

"गाडी फिरवूनच बघू," मी म्हणाले. सासूबाईंकडे बघून म्हणाले, म्हणजे नियम मोडला नाही. "दादांनी चालवावी. मी मागे हौद्यात कान लावून झोपते. कुठून येतो ते कळेल तरी."

दादांनी कुदळ खाली ठेवली. नाही म्हणायला कारण सापडलं नसावं. जॅक काढला, विटा काढल्या. दादा स्टिअरिंगवर बसले, शेजारी ताई, म्हणजे माझ्या जाऊबाई. पाणी आणायला दादांबरोबर त्याच जायच्या, पाइप धरायला. मी हौद्यात चढले आणि टाकीच्या शेजारी, बरोबर मागच्या चाकावर, पत्र्याला कान लावला. पत्रा तापला होता. पदराची घडी मधे घेतली तरी कान भाजत होता.

गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागली. वेग घेतला तसं घुमणं सुरू झालं. माझ्या कानाखाली खडे वाजत होते, टाकीचे पट्टे वाजत होते, पण घुमणं तिथलं नव्हतं. ते पुढून पत्र्यातून येत होतं. डावीकडच्या वळणावर ते एकदम जोरात झालं, उजवीकडच्या वळणावर जवळजवळ बंद. मी तीन वळणं मोजली, तीनही वेळा तसंच.

परत आलो. मी उतरले तेव्हा एक कान लाल झाला होता.

"मागून नाही," मी म्हणाले.

"ती दुसरं काय सांगणार," दादा सासूबाईंना म्हणाले. "मागची चाकं तिचीच आहेत."

माझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं. पण तेवढ्यात ताई बोलल्या. त्या अजून गाडीतच बसल्या होत्या, दार उघडं, पाय बाहेर.

"पुढून येतो," त्या म्हणाल्या.

ताई नवऱ्याच्या शब्दापुढे कधी बोललेल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं असं दादा म्हणाले तर मीठ कमी असलं तरी त्या हो म्हणतात.

"काय म्हणालीस?" दादांनी विचारलं.

"माझ्या पायाखालून येतो. उजव्या पायाच्या बाजूनं, तुमच्याकडून. महिना झाला, उतरले की पायाला मुंग्या येतात."

"मग महिनाभर काय तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही म्हणत होता मागून येतो."

"आणि आता मोठी मिस्त्री झालीस!"

ताईंनी मान खाली घातली. पण शब्द मागे घेतला नाही. दोन्ही पाय एकमेकांवर चोळत तिथंच बसून राहिल्या. मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला. इतकी वर्षं भिंतीच्या या बाजूनं मी त्यांना भित्री म्हणत आले.

दादा वळले. आत गेले, पाना घेऊन आले. पुढच्या उजव्या चाकाचे नट ढिले केले, जॅक लावला. हे ओंडका पायानं ढकलत पुढे सरसावले तर दादांनी तो त्यांच्याआधी उचलला. माझं चाक, मी बघेन. गाडी वर आली.

दादांनी चाक बाजूंनी धरलं, डावीकडे-उजवीकडे हलवलं. काही नाही. मग एक हात वर, एक खाली. ओढलं.

ठक.

छोटासाच आवाज, पण अंगणभर गेला. दादांनी पुन्हा हलवलं. ठक. आणखी एकदा, हळू, न वाजेल असं. तरी वाजलं.

"काही नाही," दादा म्हणाले. "एवढी ढील असते."

हे जमिनीकडेच बघत होते. मला वाटलं होतं, आता हे बोलतील, महिनाभराचं सगळं तोंडावर फेकतील. हे नुसते उभे राहिले, गळ्यातला हात दुसऱ्या हातानं सावरत. जिंकल्याचा आनंद व्हायला गाडी दुसऱ्या कुणाची तरी असावी लागते.

मग दादांनीच स्क्रू-ड्रायव्हर लावून मधली पत्र्याची टोपी ठोकून काढली. आतलं ग्रीस काळं पडलं होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, उन्हात धरलं. त्यात बारीक बारीक चमकत होतं. पिन काढली, नट काढला, बेअरिंग हातात आलं. डिझेलमध्ये धुतल्यावर त्याचे रोलर दिसले. किडलेल्या दातांसारखे खड्डे पडलेले, एका बाजूनं निळे झालेले.

"मिस्त्रीला फोन लाव," दादा ताईंना म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "लाव ना."

मिस्त्रीचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू आला. "या गाडीचं बेअरिंग माझ्याकडे नाही, शहरातून मागवावं लागेल. परवापर्यंत आलं तर नशीब. आणि गाडी हलवू नका दादा. जाम झालं तर चाक निखळून पुढे पळेल आणि तुम्ही मागे राहाल. मग मला बोलू नका."

परवा. सासूबाई पाटावरून उठल्या, बागेच्या दिशेनं बघितलं आणि पुन्हा बसल्या.

"परवा काय उरणार आहे?" मी म्हणाले. ते मी कुणाला म्हणाले मलाच माहीत नाही. "सकाळी फांदी मोडली माझ्या हातात. काडी झालीय."

आता यांनी माझ्याकडे बघितलं. आधी का नाही सांगितलं, असं ते बघणं होतं.

दादा बराच वेळ बेअरिंग बोटांत फिरवत बसले. मग तेच पुन्हा पुसलं, तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि दाबून दाबून रोलरच्या फटींत भरायला लागले. घाम त्यांच्या नाकावरून ग्रीसमध्ये पडत होता. बसवलं, नट आवळला, चाक फिरवलं, थोडा ढिला केला, पुन्हा आवळला. ठक आवाज बंद झाला, पण खरखर चार हातांवरून ऐकू येत होती.

"अर्धी टाकी आणतो," ते म्हणाले. "पायी चालल्यासारखी हळू. खाणीच्या उतारावर पहिल्या गिअरमध्ये."

"मी येते," ताई उठल्या.

"तू थांब."

"पाइप कोण धरणार?"

"मी बघतो. थांब म्हटलं ना." दादांचा आवाज चिरका झाला. ताईंशिवाय ते कधी पाण्याला गेले नव्हते. आताच एवढी ढील असते म्हणणारा माणूस बायकोला गाडीत बसू देत नव्हता. ताईंच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली.

दादांनी गाडी चालू केली. तेवढ्यात हे दुसऱ्या बाजूनं गेले, चांगल्या हातानं ताईंची बोटं मुठीवरून सोडवली, दार उघडलं आणि आत बसले.

"उतर," दादा म्हणाले. सासूबाईंना नाही, सरळ यांना. भिंत बांधल्यापासूनचा पहिला शब्द.

"पुढची चाकं तुझी. सीट नाही."

"एका हातानं पाइप धरणार?"

"धरीन."

"चाक निखळलं तर..."

"तर कुणीतरी बरोबर पाहिजेच की. चल, ऊन वाढतंय."

गाडी गेली. घुमणं लांब जात जात थांबलं. आम्ही तिघी अंगणात राहिलो. सासूबाई भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही एकाच गाडीत घातलीत गं मी." ताई तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खाणीच्या बाजूनं जरा धूळ उठली की आम्ही दोघी पाऊलभर पुढे व्हायचो. मला एकदा वाटलं, जाऊ दे ती बाग, वाळू दे सगळी, ही दोघं नुसती परत येऊ देत. आणि लगेच वाटलं, परत येऊन खाणार काय?

गाडी आली तेव्हा आधी आवाज आला. घुमणं नव्हे, दळल्यासारखं काहीतरी. माणसानं सोबत चालावं एवढ्या वेगानं ती आली आणि तशीच बागेच्या वरच्या अंगाला जाऊन थांबली. आम्ही मागोमाग धावलो. दादा उतरले, चाकाजवळ वाकले, हात लावायला गेले आणि झटकन मागे घेतला. चाकाच्या मधून धूर येत होता, जळक्या ग्रीसचा. यांचा सदरा छातीपर्यंत भिजला होता. पट्टीतून पाणी निथळत होतं, पट्टी गुलाबी झाली होती.

"चढावर चाक डुगडुगायला लागलं," हे मला म्हणाले. "आता नवं बेअरिंग येईपर्यंत ही जागची हलणार नाही."

म्हणजे परवापर्यंत एवढंच. अर्धी टाकी, आणि दोन घरांची बाग.

"थोडं थोडं सगळ्यांना घालू," ताई म्हणाल्या.

"वरची माती ओली होईल नुसती. मुळाशी जाणार नाही. सगळीच जातील." दादा टाकीला टेकले. ते ओळींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक सोडून एक."

ज्या झाडांना आज पाणी मिळणार नव्हतं ती परवा जळण होती.

दादांनी पाइपाचं तोंड धरलं. मी मागून पाइप सांभाळत होते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाणी वाया जाऊ नये म्हणून तो दुमडून धरायचा. ताई पुढे होऊन आळ्यातला पाला हातानं बाजूला करत होत्या. एका झाडाला पाणी. मी दुमडायची. एक झाड सोडायचं. पुढचं. सुटलेल्या झाडापाशी दादा मान दुसरीकडे करत होते. त्यांच्या हातची लावलेली झाडं ती. चौथ्या की पाचव्या सुटलेल्या झाडाच्या बुंध्याला त्यांनी जाता जाता हात लावला आणि नाक पुसलं. हातावरचं ग्रीस गालाला लागलं.

असं करत बांधाशी आलो. दादांच्या बाजूच्या शेवटच्या झाडानं पाणी घेतलं होतं. म्हणजे आमच्या बाजूचं पहिलं सुटणार. ते आमच्या बागेतलं सगळ्यात जोमाचं झाड. एवढ्या उन्हातही त्याची निम्मी पानं उघडी होती आणि आतल्या फांद्यांना फळं धरून होती.

दादा बांधावर थांबले.

"इथून नव्यानं मोजायचं का?" त्यांनी यांना विचारलं.

हे झाडाकडे बघत राहिले.

"मग आमचं एक जास्त होईल," हे म्हणाले.

"होऊ दे."

"पाणी पुरणार नाही शेवटच्याला. तू सोड ते."

"बघ बाबा."

"सोड म्हटलं ना, दादा."

दादा बांध ओलांडून पुढच्या झाडाकडे निघाले. मी पाइप दुमडून दोन्ही मुठींत आवळला आणि त्यांच्या मागे त्या झाडाखालून चालले. पाणी मुठींना धडका देत होतं. दुमडीतून थोडं झिरपलं आणि माझ्या मनगटावरून खाली ओघळायला लागलं. मी हात झाडापासून लांब धरला.